कपाटाची सुट्टी

चाचा कधीही कपाटाकडे तोंड करून बसले नाहीत. स्टूल मांडायचं, कपाटाला पाठ लावायची आणि रस्त्याकडे बघत बसायचं. ज्या वस्तूची राखण करायचा पगार घ्यायचा तिच्याकडेच पाठ, हे मला काही पटेना. नोकरीला लागून मला आठवडा झाला होता, म्हणजे अधिकार गाजवायची हौस अजून ताजी होती. मी त्यांना टोकलं.

"चाचा, लक्ष कपाटावर नको का?"

"कपाट कुठं पळून चाललं, मॅडम?" ते म्हणाले. "कपाटाकडं कोन बघून राह्यलं, ते बघायचं."

हे कपाट म्हणजे पार्सलचं कपाट. कंपनीनं त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं आणि ते निळ्या अक्षरांत वर लिहिलंही होतं, पण जालन्यात ते नाव कुणी उच्चारल्याचं मी ऐकलं नाही. पुरुषभर उंचीचं लोखंडी कपाट, त्याला लहानमोठे खण, मधोमध एक पडदा. कुरियरवाला पार्सल खणात ठेवून जातो, तुमच्या फोनवर एक नंबर येतो, तो पडद्यावर टाकला की तुमचा खण टक्कन उघडतो. तुम्हाला काही पाठवायचं असेल तर तेही असंच खणात ठेवायचं, संध्याकाळी गाडी येऊन घेऊन जाते. मध्ये माणूस नाही. माणूस नाही म्हणूनच राखणीला माणूस लागतो, हे कंपनीच्या जरा उशिराच ध्यानात आलं असावं.

जिल्ह्यात आमची अशी सहा कपाटं होती. मी देखरेख अधिकारी, तंत्रनिकेतनातून नुकतीच बाहेर पडलेली, आणि माझ्या हाताखालचा सगळा स्टाफ म्हणजे चाचा. वय साठीच्या पुढे. एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये, तापलेलं लोखंड लाटून जिथे सळ्या काढतात तिथे, त्यांची सारी उमर फिटर म्हणून गेली होती. डावी भुवई निम्मीच उरलेली, बाकीची कुठल्याशा ठिणगीनं नेली होती. शर्टाचं गळ्याचं बटण मे महिन्यातही लावलेलं. मिलमध्ये ठिणगी गळ्यातून आत शिरते म्हणून लागलेली ती सवय मिल सुटली तरी सुटली नव्हती.

त्यांच्या खिशात दोरीला बांधलेलं एक लोहचुंबक असायचं. कुठल्याही कपाटापाशी गेले की आधी ते चुंबक त्याच्या झरोक्यांवरून फिरवायचे आणि चिकटलेली काळी धूळ कागदाच्या पुडीत झटकायचे. पुडीवर गावाचं नाव. परतूरची पुडी जवळजवळ रिकामी, बदनापूरची चिमूटभर, एमआयडीसीची मात्र एखाद्या म्हातारीला महिनाभर तपकीर म्हणून पुरेल एवढी.

"हे लोखंड हाय," पुडी उघडून ते मला दाखवत. "हवेत उडून राह्यलं. तुमाला दिसत न्हाई, पन कपाट रोज खाऊन राह्यलं."

मी मान डोलवायचे आणि पुडी परत करायचे. आमच्या अभ्यासक्रमात पुड्या नव्हत्या.

सोमवारी चाचा चोर व्हायचे. कंपनी म्हणते कपाट फुटत नाही, पण फोडून कुणी बघितलं, असा त्यांचा सरळ सवाल होता. त्यामुळे दर सोमवारी एका कपाटावर ते स्वतःच दरोडा घालत. मला न सांगता. सांगितलं तर तुम्ही पोस्टर लावाल, असं वर म्हणत.

अशाच एका सोमवारी मला परतूरहून फोन आला. तक्रारीसाठी कपाटावर माझाच नंबर छापलेला होता.

"मॅडम, तुमचं कपाट फोडनारा एक बुढ्ढा पकडला. पोलिसाला देऊ का तुमी येता?"

मी मिळेल त्या बसनं परतूर गाठलं. कपाट बाजार समितीच्या समोरच होतं. चाचांनी भर अकरा वाजता करवतीचं पातं काढून एका खणाच्या फटीत घातलं होतं, आणि कापसाच्या गाठी उचलणाऱ्या दोन हमालांनी त्यांना तसंच गाठीसारखं उचलून पानटपरीत नेऊन बसवलं होतं. पळून जाऊ नयेत म्हणून चपलाही काढून घेतलेल्या. मी पोचले तेव्हा चाचा अनवाणी चहा पीत होते आणि मुलगा बोर्डात आल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला होता.

"मॅडम, परतूर पास!"

"काय पास?"

"कपाट मी दोन मिनिटांत हालवलं असतं. पन या दोघांनी मला एक मिनिट बी दिलं न्हाई. बिलकुल न्हाई दिलं!"

हमालांना मी ओळखपत्र दाखवून समजावलं तेव्हा ते ओशाळले, पण चाचांनी दोघांची नावं डायरीत लिहून घेतली आणि पुढे परतूरला जाताना दर खेपेला त्यांच्यासाठी जालन्याहून खारीचा पुडा नेला. परतीच्या बसमध्ये मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. ते मात्र सगळी वाट गुणगुणत होते.

एमआयडीसीच्या कपाटाचं दुखणं वेगळं होतं. तिथे चोराला कष्टच नव्हते. पाळीवर असलेल्या कामगाराला कपाटापर्यंत यायला वेळ नसायचा, म्हणून तो आपला नंबर मित्राला द्यायचा, आणि मित्र विसरेल म्हणून कुणीतरी तो खडूनं खणावरच लिहून ठेवायचा. 'नऊ नंबरचा खण, अमक्याला देणे', आणि खाली सगळे आकडे. मी मराठी, हिंदी, उर्दू अशी तीन पोस्टरं लावली. त्यांच्यावरही खडूनं नंबर लिहिले गेले.

चाचांनी मग एक दिवस खडूचे नंबर वाचून खण उघडले, आतल्या वस्तू काढून समोरच्या चहाच्या टपरीवर ठेवल्या, आणि प्रत्येक रिकाम्या खणात चिठ्ठी टाकली: 'तुमची चीज चोरीला गेली. चोर टपरीवर बसला आहे. ओळखपत्र दाखवा आणि घेऊन जा.' पहिलं गिऱ्हाईक क्रेनवाला होता, तो बाह्या सरसावतच आला. नवे बूट हातात पडल्यावर हसायला लागला आणि चहाही पाजून गेला. पंधरा दिवसांत खडू बंद झाला. माझी मात्र झोप उडाली होती.

"कंपनीला कळलं तर आपण दोघं घरी बसू, चाचा!"

"पोस्टर कोन वाचतं, बेटा? घाबरलेला मानूस बराबर वाचतो."

चारचौघांत मी मॅडम असायचे, आणि त्यांना माझी कीव आली की बेटा. बेटाचं प्रमाण वाढत चाललं होतं.

याच कपाटावर सुजाताताईंचा जीव टांगलेला होता. त्या बियाण्यांच्या कंपनीत निवडाईच्या कामाला यायच्या, बदनापूरच्या पलीकडच्या खेड्यातून, टेम्पोत दाटीवाटीनं बसून. रात्री घरी झबली, टोपरी, दुपटी शिवायच्या. टाके असे बारीक की मी उलटसुलट करून बघितलं तरी गाठ सापडली नाही. फोनवर फोटो टाकत टाकत त्यांना लांबलांबची मागणी यायला लागली होती, पण त्यांच्या गावात कुरियर येत नव्हता. त्यांचं गाव म्हणे यादीत नव्हतं. त्यांच्या कंपनीच्या फाटकापासून आमचं कपाट शंभर पावलांवर. कामावर येता-जाता त्या पाकिटं खणात ठेवायच्या. दिवाळीनंतर निवडाईचं काम सोडून पूर्णवेळ शिवणच करायचं, असं त्यांनी घरात भांडून ठरवलं होतं, मोटारीचं शिलाई मशीनही आणलं होतं.

"हे कपाट हाय म्हनून हिंमत केली, ताई," त्या मला म्हणाल्या होत्या. "न्हाई तर झबली काय, शेजारनीच्या लेकरापुरतीच राह्यली असती."

आणि नेमकं हेच कपाट उचललं जाणार की काय, अशी वेळ आली होती. कंपनीचा नियम होता की वर्षात तीन 'घटना' झाल्या की कपाट तिथून हलवायचं. दोन झालेल्या होत्या. होळीच्या सुमारास कुणीतरी पहारीनं एक खण वाकवला, आणि पावसाळ्यात वरून पाणी शिरून तीन पार्सलं भिजली. तिसरी घटना झाली की कपाट संभाजीनगरच्या कुठल्याशा सोसायटीत जाणार, असं पत्रच आलं होतं. मी ते पत्र सुजाताताईंपासून लपवून ठेवलं. चाचांनी त्याच संध्याकाळी त्यांना सगळं सांगून टाकलं, आणि वर शब्द दिला, "तिसरी मी होऊ देत न्हाई."

मग वाकलेल्या खणाला त्यांनी आतून पट्टी मारली, वर पत्र्याचं छप्पर घातलं, टपरीवाल्यापासून रखवालदारापर्यंत सगळ्यांना कामाला लावलं. तिसरी घटना घडायला कुठे जागाच ठेवली नाही. आणि मग ती त्यांनी स्वतःच घडवली.

खंडेनवमीचा दिवस होता. मी घरी केस धुऊन बसले होते, तेवढ्यात कंपनीच्या पुण्याच्या मुख्य ऑफिसातून फोन. एमआयडीसीचं कपाट सकाळपासून मेलंय, बॅटरीही संपली, एकही खण उघडत नाही, लोकांच्या तक्रारी येतायत. ओल्या केसांनीच मी स्कूटी काढली.

एमआयडीसी शांत होती. एरवी तिथे स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. प्रत्येक फाटकाला झेंडूच्या माळा, आत मशीनं धुऊनपुसून उभी. आमचं कपाटही तसंच उभं होतं. झेंडूचा हार घातलेला, पडद्याच्या खाली कुंकवाचं बोट, आणि पुढ्यात पंच्यावर ओळीनं मांडलेले चाचांचे पाने, पक्कड, हातोडी. स्वतः चाचा स्टुलावर बसून पेढा खात होते.

"कुणी बंद केलं?"

"मी." त्यांना माझा प्रश्नच समजला नव्हता. "आज खंडेनवमी हाय ना, बेटा."

"चाचा, हे काय मिलचं मशीन आहे का?"

"लोखंड हाय, वायर हाय, रात-दिन चालून राह्यलं. मंग मशीन न्हाई तर काय हाय? तीस सालांत आजच्या दिशी मी पाना उचलला न्हाई. शेठ मारवाडी, भट्टीवाले बिहारचे, मी मुसलमान. सगळे मिळून पेढे खायचे, मशीन थंड. हतोडीला बी एक दिवस सुट्टी लागती."

मी ओरडलेच. फार ओरडले, आणि आज आठवलं की लाज वाटते. "ही तिसरी घटना आहे! पुण्याला नोंद झालीसुद्धा!"

त्यांचा हात गळ्याच्या बटणाकडे गेला आणि तिथेच राहिला. घटना म्हणजे त्यांच्या हिशेबी चोर, पाणी, आग. मशीनला दिलेली सुट्टी ही घटना असू शकते, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मला कळवायचंही त्यांना सुचलं नव्हतं, कारण सण आलाय हे कुणी कुणाला कळवतं का?

तेवढ्यात सुजाताताई आल्या. त्यांच्या कंपनीत पूजेपुरतं बोलावलेलं होतं, हातात प्रसादाचा पुडा होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी चार पाकिटं खणात ठेवली होती, नाशिकच्या एका बारशाची. पाचला गाडी येणार होती.

"चाचा, कपाट बंद हाय का?" त्यांनी विचारलं. "गाडी येईल ना आज?"

चाचा उठले. पंच्यावरच्या पान्यांकडे त्यांनी क्षणभर बघितलं, मग वाकून त्यातला एक उचलला. तीस वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा.

नुसती कळ दाबली असती तरी कपाट चालू झालं असतं. पण थंड मशीन चालू करण्याआधी आत हात फिरवून बघायचा, हा मिलचा शिरस्ता. कपाटाच्या मागे एक आतलं झाकण होतं, त्यावर 'चालू असताना उघडू नये' अशी ताकीद. आणि कपाट कधीही बंद ठेवू नये, अशी कंपनीची दुसरी ताकीद. दोन्ही पाळल्यामुळे ते झाकण बसवल्यापासून कुणी उघडलंच नव्हतं. चाचांनी चार नट काढले, झाकण बाजूला केलं आणि वाकून आत बघितलं.

"बेटा, इकडं ये."

आत काळ्या धुळीचा थर बसला होता. मुख्य तारेचं लाल कवच वितळून शेजारच्या पट्टीला चिकटलं होतं. जळक्याचा वास सुटला. त्या तारेच्या वीतभर पुढे पत्रा, आणि पत्र्यापलीकडे पुठ्ठ्याच्या खोक्यांनी भरलेले खण.

"कधी पेटलं असतं?" मी विचारलं.

"दिवाळी बघितली नसती यानं."

मग तिघांनी मिळून काम केलं. सुजाताताईंनी फोनचा उजेड धरला, मी रंगाच्या ब्रशनं धूळ झाडली, चाचांनी तारेचं जळकं टोक कापून नवं बसवलं. साडेचारला पडदा उजळला. पाचला गाडी आली आणि बारशाची झबली नाशिकला गेली.

पण पुण्याच्या नोंदीत तिसरी घटना होतीच. मी अहवाल लिहिला: वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे कपाट बंद. चाचांनी चष्मा लावून तो वाचला आणि फाडला.

"झूठ हाय हे. बिघाड नंतर सापडला. बंद मी केल्तं. माझं नाव लिही."

"नाव लिहिलं तर तुमची नोकरी जाईल."

"अन् न्हाई लिहिलं तर त्यांना कळंल कसं, की बंद केलं म्हनून सापडलं?"

मी रडवेली होऊन त्यांचं नाव लिहिलं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी पुण्याचे साहेब आले, टेम्पो आणि चार माणसं घेऊनच. आल्या आल्या कपाटाला दोर आवळले. मग साहेबांनी विचारलं, "हे बंद तुम्ही केलं?"

"जी."

"कुणाला विचारून?"

"कुनाला न्हाई. ती गलती झाली, कळवायला पाहिजे होतं." चाचांनी खिशातून तारेचा जळका तुकडा काढून साहेबांच्या तळहातावर ठेवला. "पन बंद केलं ती गलती न्हाई, साहेब."

साहेबांनी तुकडा बराच वेळ फिरवून बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाकीच्या पाच कपाटांची ही झाकणं कधी उघडलीत?"

"कधीच नाही, सर. बंद ठेवायची परवानगी नाही."

 साहेब दोर तसेच ठेवून, चाचांना गाडीत घालून निघाले. आधी बसस्टँडचं कपाट उघडलं, ते ठीक निघालं. बदनापूरच्या स्टेशनजवळचं उघडलं, तिथे तारेचा रंग बदलायला लागला होता.

ते परतले तेव्हा बियाण्यांच्या कंपनीची पाळी सुटली होती. सुजाताताई दोर बांधलेल्या कपाटासमोर खांद्याला पिशवी लावून उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. कुणाला काही विचारायचीही त्यांची छाती झाली नव्हती.

"काय आहे पिशवीत?" साहेबांनी विचारलं.

"झबली हायत, सर. लहान लेकरांची."

साहेबांनी टेम्पोवाल्यांकडे बघितलं. "दोर सोडा," ते म्हणाले. "बाईंना पार्सल ठेवायचंय."

सुजाताताईंनी पाकिटं ठेवली, खण लावला, आणि मग मला धरून तिथेच रडल्या. मीही रडले. अधिकारी असले म्हणून काय झालं!

साहेब चाचांच्या स्टुलावर बसून मांडीवरच्या लॅपटॉपवर लिहायला लागले. वर्षातून एक दिवस सगळी कपाटं आधी कळवून बंद ठेवायची, आतून उघडून साफ करायची. मान वर न करता त्यांनी विचारलं, "बोला चाचा, कुठली तारीख टाकू?"

"तारीख न्हाई, साहेब," चाचा म्हणाले. "तिथी टाका. तारीख दरसाल बदलती."

पुण्याचा संगणक तिथी घेत नाही. त्यामुळे दर वर्षी भाद्रपदात मला फोन येतो, "मॅडम, यंदा नवमी कधी?" सुजाताताईंच्या घरी आता तीन मशीनं चालतात, गावातल्या दोघी त्यांच्याकडे शिवायला बसतात. चाचांना दिसायचं कमी झालं, म्हणून ते काम सोडून परतूरला लेकीकडे राहायला गेले. दिनदर्शिका माझ्या टेबलासमोरच टांगलेली आहे आणि तारीख मला बसल्या जागी दिसते. तरी मी पुण्याला सांगते, "थांबा, विचारून सांगते," आणि परतूरला फोन लावते. मला त्यांचा आवाज ऐकायचा असतो, दुसरं काही नाही.

ते फोन ठेवायला सांगतात. कुणाला तरी विचारून येतात. मग त्यांचा फोन येतो. दिवस सांगतात, तारीख सांगतात, सहाच्या सहा बंद ठेव म्हणतात, आणि फोन ठेवता ठेवता दर वर्षी बजावतात, "अन् बेटा, सुजाताला आधी सांग."